फूल माझं, पान तिचं

परवा पाली गावाच्या पुढं, घाट चढायच्या आधी, गाडी कडेला लावली आणि सीताफळांच्या झुडपांतून खाली उतरले. श्रावण निम्मा सरला होता. सीताफळं अजून लहान, हिरवी आणि घट्ट. पानांना हात लागला की तो उग्र, कडवट वास दिवसभर बोटांना राहतो. खाली ओघळीच्या काठाला, कुजलेल्या पाचोळ्यात, एकपानीचं पान जमिनीला बिलगून बसलं होतं. तळहाताएवढं, बदामी आकाराचं, कागदी पंख्यासारख्या चुण्या पडलेलं. अंगावर बारीक लव आणि लवेवर पाण्याचे थेंब. बघून जीव सुखावला. आणि सुखावल्यावर लगेच ती जुनी कळ आली: कुशीनं हे यंदा माझ्या आधी बघितलं असेल का?

पंचेचाळिशी उलटली, मुलगी कॉलेजात गेली, मेंदीशिवाय केसांकडं बघवत नाही, तरी ही कळ काही जात नाही.

एकपानी ही आमरी आहे, म्हणजे ऑर्किड. ऑर्किड म्हटलं की लोकांना लग्नाच्या स्टेजवरची जांभळी फुलं आठवतात. त्यामुळे बीड जिल्ह्यात ऑर्किड उगवतात असं सांगितलं की समोरचा माणूस माझ्याकडं जरा काळजीनं बघतो. आमच्या ह्यांचं मोंढ्यात खत-बियाण्याचं दुकान आहे. ते गिऱ्हाइकांना सांगतात, "आमच्या मॅडम कॉलेजात झाडंच शिकिवतात, पण कपाशीवरल्या अळीचं त्यांना काई इचारू नका. ज्या झाडाचा कुणाला काई उपेग न्हाई, तेवढंच त्यांना कळतं." गिऱ्हाईक हसतं. मीही हसते, कारण यात खोटं काहीच नाही.

तर या एकपानीची तऱ्हा अशी. मृग लागून जमीन भिजली की कंदातून आधी फुलाचा दांडा वर येतो. नुसता दांडा, पानाचा पत्ता नाही. चार-सहा दिवसांत फूल मान टाकतं. मग कधीतरी, आपण विसरून गेल्यावर, त्याच जागी पान उगवतं. ते दिवाळीपर्यंत टिकतं आणि मातीत जिरून जातं. एका कंदाची ही दोन लेकरं, पण फुलानं पान बघितलेलं नसतं आणि पानानं फूल. म्हणून या झाडाची ओळख नीट पटवायची तर एकाच जागी दोनदा जावं लागतं, आणि मधल्या दिवसांत तोंड बंद ठेवावं लागतं. तोंड बंद ठेवणं मला चांगलं जमतं. कुशीलाही जमतं.

कुशी म्हणजे कुशावर्ता. एम.एस्सी.ला असताना होस्टेलवर आम्ही एका खोलीत राहायचो. तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की बिऱ्हाड ट्रॅक्टरमध्ये टाकायचं आणि कारखान्याच्या हद्दीत उसाच्या पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, घालून उन्हाळ्यापर्यंत राहायचं. लहान कुशी त्यांच्यासोबत फिरली. माझे वडील परळीला शाळेत मास्तर होते. थर्मल वीजकेंद्राची राख दोरीवरच्या कपड्यांवर बसायची आणि आईला धुणं पुन्हा काढावं लागायचं, एवढंच काय ते आमच्या घरातलं दुःख. म्हणजे कुशीवर जळायचीसुद्धा सोय नव्हती. जी पोरगी पाचटावर बसून अभ्यास करून पुढं आली, तिच्यावर जळणाऱ्या बाईला लोक काय म्हणतील! म्हणून मी तोंडानं तिचं भरभरून कौतुक करायची आणि आतून ओल्या लाकडासारखी धुमसत राहायची.

शिक्षण झाल्यावर ती हैदराबादला एका मोठ्या प्रयोगशाळेत गेली, मी लग्न करून बीडला आले. हैदराबादला ती झाडांचा डीएनए वाचायला शिकली, परदेशात जाऊन आली. एकदा आमच्या कॉलेजनं तिचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं. प्राचार्य म्हणाले, "पाहुण्यांचा परिचय तुम्हीच करून द्या, तुमच्याच मैत्रीण आहेत." आपल्या जिल्ह्यात सत्कार म्हटलं की परिचय लांबलचक हवाच. मी माइकसमोर उभी राहून तिच्या पदव्या वाचत होते, दौरे वाचत होते, आणि दर दोन वाक्यांना पोरं टाळ्या वाजवत होती. घसा कोरडा पडला तेव्हा तिनंच पाण्याचा ग्लास माझ्याकडं सरकवला.

मग ती बोलायला उभी राहिली. "आमी दसऱ्याला गाव सोडायचो," ती म्हणाली, "अन् येईपर्यंत रानं मोकळी झालेली असायची. आमच्या शिवारातली ज्वारी कणसाला आलेली मी कधी बघितलीच न्हाई. हुरडा मी पैल्यांदा खाल्ला तो होस्टेलात. या वैजूनं आणलता." सभागृह गहिवरलं. सगळ्यांनी वळून माझ्याकडं बघितलं आणि टाळ्या वाजवल्या. माझ्या वाट्याच्या टाळ्याही तिच्याच हातून मिळाव्यात, हे मला भयंकर झोंबलं.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "कावून गं, तोंड कावून पाडलंस? कार्यक्रम चांगला न्हाई झाला का?"

"लई चांगला झाला," मी म्हणाले आणि भाकरी थापायला बसले. त्या भाकऱ्या जरा जोरातच थापल्या गेल्या.

मला आठवतो तो पावसाळा त्यानंतरचा. मृगाच्या सरी होऊन गेल्या होत्या. घाटातून उतरणाऱ्या ट्रकच्या ब्रेकचा जळका वास ओघळीपर्यंत येत होता. आपट्याच्या बुडाशी वाकले तर पाचोळ्यातून वीतभर दांडा वर आलेला, आणि त्यावर दोन फुलं, दोन्ही खाली बघणारी. बाहेरच्या पाकळ्या हिरवट तपकिरी, वाळत आलेल्या गवतात हरवून जातील अशा. आमरीच्या फुलात एक पाकळी इतरांहून वेगळी असते, तिला आम्ही ओठ म्हणतो. तो ओठ गुलाबी होता आणि त्याच्या आत गडद जांभळे ठिपके होते. मी गुडघ्यावर बसले. साडीचा काठ चिखलात गेला. एवढ्या वर्षांत या डोंगरात मी एकपानीचं पान कितीदा तरी पाहिलं होतं, पण फूल त्या दिवशी पहिल्यांदा भेटलं.

एकपानीच्या जाती बऱ्याच; ही कुठली ते बघायला घरी येऊन पुस्तकं काढली. झाड ओळखायची आमची जुनी पद्धत साधी आहे. ओठाला तीन खाचा असतील तर पुढच्या ओळीवर जा, नसतील तर त्या दुसऱ्या ओळीवर. असं एकेक फाट्यावरून वळत जायचं आणि शेवटी नावाच्या दारात पोचायचं. मी चारदा चालत गेले. शेवटच्या फाट्यावर दरवेळी अडले. ठिपके असलेला, इतका आखूड ओठ कुठल्याच पुस्तकात नव्हता. मी चहा करायला उठले आणि दूध उतू जाईपर्यंत ओट्यापाशी तशीच उभी राहिले. ही नवी जात असेल तर?

नव्या जातीला जो नाव देतो, त्याचं आडनाव त्या शास्त्रीय नावाच्या मागं लागतं. माणूस जातो, आडनाव झाडामागं राहतं. मला ते हवं होतं. आजवर मी दुसऱ्यांनी दिलेली नावं पोरांकडून पाठ करून घेतली होती. एकदा तरी माझं आडनाव कुणी पाठ करावं असं वाटत होतं. आणि ते कुशीच्या आधी हवं होतं. खरं सांगायचं तर ही दुसरी इच्छा पहिलीपेक्षा मोठी होती.

म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन मी तो दांडा ब्लेडनं बुडापासून कापून आणला. फुलं फॉर्मलिनच्या बाटलीत सोडली. फॉर्मलिन डोळ्यांना झोंबतं, नाकात तासभर राहतं, पण त्यात फुलाचा आकार वर्षानुवर्षं तसाच टिकतो. बाटली कॉलेजात ठेवायची हिंमत झाली नाही. ती घरातल्या कपाटात, हिवाळ्याच्या शालींमागं ठेवली.

आमच्या सासूबाई दारात आलेल्या कुणालाही नाव विचारायच्या आधी निरखून बघायच्या. "नाक बापाचं हाय. पर कपाळ मामाकडनं आलंय," असं म्हणून त्या गावही सांगायच्या. मीही त्यातलीच. तोंडावळा बघून ओळखणारी. पानाची कड, फुलाचा ओठ, देठावरची लव हाताळत बसते आणि नातं लावते. कुशी तोंडाकडं बघतच नाही. ती पान वाटते, त्यातला डीएनए काढते, चार अक्षरांची ती लांबलचक माळ वाचते आणि दुसऱ्या झाडाच्या माळेशेजारी धरते. जितकी अक्षरं बदलली तितकं नातं लांबचं. ती म्हणते, तोंडावळा फसवतो. पाणी मिळालं तर तेच झाड कमरेएवढं होतं, नाही मिळालं तर घोट्याएवढं. मी म्हणते, तुझ्या माळेला ना रंग, ना वास. होस्टेलवर यावरून आमची इतकी जुंपायची की मेसमधलं जेवण निवून जायचं.

पण दिवस तिच्या बाजूनं फिरले. आता नुसता तोंडावळा वर्णन करून नवी जात म्हणून लिहून पाठवलं, तर पहिला प्रश्न येतो की डीएनए कुठाय? म्हणजे माझ्या फुलाला माझं नाव लावायला मला कुशीचंच दार ठोठावावं लागणार होतं. मी ठरवलं, आधी पान येऊ दे, त्याची मोजमापं घेऊ, मग बघू.

आषाढ संपता संपता कुशीच आली. संस्थेच्या कामासाठी मराठवाड्यातल्या आमरी गोळा करत फिरत होती, विश्रामगृहावर उतरली होती. "वैजे, तुझे डोंगर दाखव की गं," ती फोनवर म्हणाली. 'तुझे डोंगर' ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. मी तिला नायगावकडं नेलं, मोर दाखवले. कपिलधारच्या बाजूला नेलं. मांजरसुंब्याला गरम भजी खाऊ घातली. तिच्याजवळ एक चपटा डबा होता. त्यात कागदी पाकिटं आणि नव्या पर्सबरोबर येतात तसले सिलिकाचे दाणे भरलेले होते. पानाचा तुकडा त्यात टाकला की तासाभरात खडखडीत वाळतो आणि आतला डीएनए शाबूत राहतो. प्रत्येक तुकडा ती इतक्या मायेनं पाकिटात घालायची की मला वाटायचं, झाडं तिची आहेत आणि मी नुसती ड्रायव्हर.

परतताना घाट उतरल्यावर तिनं विचारलं, "अन् हितं खाली ओघळ हाय ना?"

"तिथं काई न्हाई. निस्ती सीताफळं," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

दोन दिवसांनी मी एकटीच तिथं गेले. पानं आली होती. त्यातल्या सगळ्यात मोठ्या पानाची एक कड गेली होती. अळीनं खाल्लं असेल म्हणून वाकले आणि माझं डोकंच फिरलं. तो तुकडा चौकोनी होता. अळी काटकोनात खात नाही. भर पावसात उभी राहून मी तिला जी नावं ठेवली ती इथं लिहिण्यासारखी नाहीत. माझी जागा, माझं झाड, मी घरातसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं आणि ही बया एका फेरीत येऊन कात्री लावून गेली!

त्याच संध्याकाळी ती आमच्याकडं जेवायला होती. आमंत्रण मीच दिलेलं, आता मोडायचं कसं? भाकरी, शेंगदाण्याची चटणी, घोसाळ्याची भजी. ती पहिल्यासारखीच भाकरी दुधात कुस्करून खात होती. मी वाढत होते, ती "पुरे" म्हणत होती, यापलीकडं बोलणं नाही. शेवटी हे म्हणाले, "दोघी बी मूग गिळून कावून बसल्यात? भांडलात का काय?"

कुशीनं हात धुतला. रुमालानं एकेक बोट पुसलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "वैजे, त्या ओघळीत मला एका दांड्याचा खुंट दिसला. ब्लेडनं कापल्यावानी. शेळी असं सरळ खात न्हाई."

"मला बी एक पान दिसलं," मी म्हणाले. "चौकोनी खाल्लेलं."

ती लाल झाली. मीही झाले असणार. हे एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिले. मग ती उठून तिचा डबा घेऊन आली आणि मी शालींमागची बाटली काढली. तिनं झाकण उघडलं आणि नाक मागं घेतलं. "फॉर्मलिन! अगं बये, आता यातनं काय निघणार? सगळा डीएनए तुटून गेला की." मी तिचं पाकीट उघडलं. आत चिमूटभर हिरवा भुगा. "अन् या भुग्याचा मी काय तोंडावळा बघू?" मी विचारलं.

माझं फूल मी तिच्या कामाचं ठेवलं नव्हतं. आणि तिचं पान तिनं माझ्या कामाचं ठेवलं नव्हतं. जी ती आपल्यापुरतं वाचवून मोकळी झाली होती. ओघळीत कंदही दाटीवाटीनं होते. तिचं पान माझ्याच फुलाच्या कंदाचं होतं की शेजारच्या, हे कोण सांगणार? एकाच दांड्यावरचं एक फूल माझ्या बाटलीत आणि दुसरं तिच्या पाकिटात गेलं असतं तरच काही बोलता आलं असतं. म्हणजे आता पुढच्या मृगापर्यंत थांबणं आलं. हे सुपारी कातरत म्हणाले, "लई शिकलेल्या हायत बाबा दोघी," आणि टीव्ही लावायला गेले.

मधलं वर्ष कसं गेलं ते मला फारसं आठवत नाही. पण पुढच्या मृगातली ती सकाळ लख्ख आठवते. दांडा वर आला होता, कळ्या टपोऱ्या झाल्या होत्या. फोन हातात घेतला आणि पुन्हा पिशवीत टाकला. तिला न कळवता दोन्ही फुलं मीच कापली, एक सिलिकात वाळवून दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत पाठवलं, तर? असा विचार करत मी दगडावर बसले. दगड ओला होता, ती ओल साडीतून आत पोचली तेव्हा कुठं उठले आणि फोन लावला. "कळ्या आल्यात," एवढंच म्हणाले. ती म्हणाली, "निघते." कारण विचारलं नाही, वेळ विचारली नाही. रात्रभर बसनं येऊन सकाळी ती बीडच्या स्टँडवर उतरली. डोळे सुजलेले, केसांत धूळ.

ओघळीत पोचलो तर दोन्ही फुलं उमललेली. कुशीनं चपला काढल्या. पोटावर आडवी झाली, हनुवटी पाचोळ्यात टेकवली आणि खालून वर त्या फुलाच्या तोंडात बघायला लागली. मग म्हणाली, "वैजे, हे असं खाली बघतं व्हय गं? मला वाटायचं वर बघत असंल." एवढ्या आमरींचे डीएनए वाचलेली ही बाई, तिनं एकपानीचं फूल जिवंत कधी पाहिलंच नव्हतं. मृगात ती कायम प्रयोगशाळेत.

आणि मी? मी तिच्या त्या बघण्यावर जळले. मला ते फूल आता पहिल्यांदा दिसणार नव्हतं. मी त्याचा ओठ मोजला होता, ठिपके मोजले होते, बाटलीतून त्याच्याकडं वर्षभर बघितलं होतं. तिच्यासमोर ते आत्ता, या क्षणी उमललं होतं. मी तिला बोलावलं नसतं तर ते तिला मिळालं नसतं, हेही मनात आलं, पण त्यानं काही समाधान झालं नाही.

एक फूल तिनं पाकिटात घातलं, एक मी बाटलीत. चिखल झटकत ती उठली आणि म्हणाली, "हे बघ, नवी जात निघाली तर पैलं नाव तुझं लावायचं. माझं मागून. तू आधी बघितलंस." मी वरवर "असू दे गं, काय त्यात" असं काहीतरी म्हणाले. मला जे भांडून घ्यायचं होतं ते तिनं असंच देऊन टाकलं. मोठेपणातही ती माझ्या पुढं निघून गेली.

निकाल यायला दिवाळी उजाडली. कोकणाकडच्या डोंगरातून एका जुन्या जातीची पानं तिनं मुद्दाम मागवली होती. त्या जातीचा डीएनए तोवर कुणी वाचलाच नव्हता. मी घरी उत्तरपत्रिका तपासत बसले होते. तिचा फोन आला.

"वैजे, आपली एकपानी नवी न्हाई," ती म्हणाली. "तिकडचीच हाय. माळ जशीच्या तशी जुळली. हितं मुरमाड जमीन, पाणी कमी, म्हणून ओठ आखूड राह्यला. ठिपके बी कधी येतात, कधी न्हाई."

माझं आडनाव कुठंच लागणार नव्हतं. त्याचं दुःख झालं, नाही असं नाही. पण ते नंतर आलं. त्याच्या आधी जे आलं ते दुःख नव्हतं. खांद्यावरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसं मला हायसं वाटलं. माझं झालं नाही, पण तिचंही झालं नाही! आणि का कोण जाणे, मी ते तिला तसंच सांगून टाकलं. "कुशे, राग येऊ देऊ नकोस. मला बरं वाटलं. तुझं बी नाव लागणार न्हाई म्हणून."

मग ती हसायला लागली. होस्टेलवर हसायची तसं, धाप लागेपर्यंत. "अगं, माझं बी तेच झालं," ती म्हणाली. "पैलं नाव तुझं लावू म्हणाले खरी, पर घरी येऊन झोप कुठली लागती! रिपोर्ट बघितला अन् म्हणलं, सुटले बाई."

आम्ही दोघी इतक्या हसलो की हे दुकानाच्या चावीसाठी आत आले आणि तसेच उभे राहिले. हसता हसता मी डोळे पुसले. गेल्या वीस-बावीस वर्षांत तिच्याशी बोलताना इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

फोन ठेवला. लाल पेन उघडून पुढचा पेपर ओढला, पण अक्षरावर नजर ठरेना. तिला खरंच तसं वाटलं होतं का? की माझं बोलणं ऐकून, मी एकटीच कोत्या मनाची ठरू नये म्हणून ती तसं म्हणाली? कुशीला मी ओळखते. ती मन राखायला असं म्हणू शकते. एवढं मोठं मन तिच्याकडं आहे, हे ध्यानात आलं आणि मी पुन्हा जळायला लागले.